उतारावरची पकड

घाटाच्या ऐन चढावर मालानें भरलेला एखादा ट्रक बंद पडतो, तेव्हां एकाच क्षणीं तीन गोष्टी घडतात. चालकाचा पाय ब्रेकवर घट्ट रुततो, त्याचा हात हँडब्रेककडे जातो, आणि क्लीनर दार उघडून खालीं उडी घेतो व रस्त्याच्या कडेचा एखादा धोंडा उचलून मागच्या चाकाखालीं सरकवितो. यंत्रविद्येची एवढी प्रगति होऊनहि त्या धोंड्याला अजून रजा मिळालेली नाहीं, ही गोष्ट प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु तिच्यामागें मोठा इतिहास आहे. त्या इतिहासांत घाटांतले रस्ते आहेत, आगगाड्या आहेत, कायदे आहेत, आणि दुर्दैवानें पुष्कळ माणसांचे प्राणहि आहेत. धांवणारें वाहन थांबवावें कसें, हा प्रश्न माणसानें बऱ्याच लवकर सोडविला. थांबलेलें वाहन उतारावर थांबलेलेंच राहावें कसें, हा प्रश्न मात्र त्याला फार महागांत पडला.

हे दोन प्रश्न एकच आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. ते एक नाहींत. धांवतें वाहन थांबवितांना चालक जागेवर असतो. पकड कमी पडली तर तो पाय अधिक दाबतो, गिअर बदलतो, निदान वाहन मोकळ्या जागेकडे तरी वळवितो. हें सारें काम कांहीं क्षणांचें असतें. उभें केलेलें वाहन मात्र एकटें असतें. त्याला तासन् तास, कधीं रात्रभर, कोणाच्याहि देखरेखीवांचून उभें राहावयाचें असतें. तेवढ्या वेळांत हवेची गळती होते, तापलेलें लोखंड निवतें, ताणलेली तार सैल पडते. गुरुत्वाकर्षणाला मात्र झोप नाहीं, भूक नाहीं, आणि घाईहि नाहीं. पहिल्या मिनिटाला तें जेवढ्या जोरानें ओढतें, तेवढ्याच जोरानें तें पहांटे चार वाजतांहि ओढीत असतें.

तो जोर किती असतो, हें साध्या हिशेबानें कळतें. पांच फूट पुढें गेल्यावर एक फूट चढणारा रस्ता घेतला आणि त्यावर १६ टन वजनाचा भरलेला ट्रक उभा केला, तर त्याला खालीं ओढणारा जोर तीन टनांहून थोडा अधिक भरतो. रेल्वेचे चढ याहून पुष्कळच सौम्य असतात. पण तेथें वजन अफाट असतें. ३७ फुटांस एक फूट अशा चढावर १,००० टनांची गाडी उभी असेल, तर तिला मागें खेंचणारा जोर २७ टनांच्या घरांत जातो. एवढा जोर थोपवून धरण्याचें काम ज्या साधनाकडे सोंपवावयाचें, तें साधन कशाच्या बळावर उभें आहे, हा या सर्व कथेंतला मुख्य प्रश्न होय.

बैलगाडीच्या काळीं हा प्रश्न गाडीवानाच्या अंगबळावर आणि बैलांच्या खांद्यावर सोडलेला असे. मुंबईहून पुण्यास जाणारा बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, सन १८३० मध्यें, वाहतुकीस खुला झाला. चाकाच्या गाडीला घाट मोकळा झाला, आणि त्याबरोबर चाकाचा धोकाहि घाटांत आला. ओझ्याचा बैल दमला तर तो जागच्या जागीं उभा राहतो. दमलेल्या बैलांची गाडी मात्र मागें सरूं लागते. अशा वेळीं चाकाखालीं दगड अगर लांकडाची अटकण लावणें, हाच एक उपाय होता. पुढें मोटारी आल्या, तेव्हां त्यांच्या आरंभींच्या काळांत याच दगडाचा एक सुधारलेला भाऊ त्यांच्या पोटाखालीं बांधलेला असे. ती एक टोंकदार लोखंडी दांडी असून चढावर ती जमिनीवर घसटत ठेवावयाची. गाडी मागें सरूं लागली, कीं दांडीचें टोंक रस्त्यांत रुते आणि गाडी अडे. युक्ति ओबडधोबड खरी, पण तिच्यांत एक मर्म होतें. गाडीला मागें ओढणारा जोरच त्या दांडीला जमिनींत रोंवीत असे. शत्रूचें बळ शत्रूवरच उलटविण्याची ही कल्पना पुढें निराळ्या रूपांत पुनःपुन्हां भेटते.

या प्रश्नाला मोठें आणि भयंकर स्वरूप आलें तें आगगाडीनें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांनीं आंखलेला बोरघाटाचा लोहमार्ग सन १८६३ मध्यें सुरू झाला. सुमारें १६ मैलांच्या अंतरांत हा मार्ग १,८३१ फूट चढतो, आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट आहे. डोंगराच्या अंगावर गाडी वळविण्यास पुरेशी जागा नव्हती, म्हणून खंडाळ्याच्या अलीकडे एक उलट-स्थानक बांधण्यांत आलें. तेथें गाडी येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोंकास लागे, आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढूं लागे. ही व्यवस्था सन १९२९ पर्यंत चालली.

घाट चढण्यापेक्षां उतरणें अधिक अवघड, हा अनुभव लौकरच येतो. उतरणारी गाडी ताब्याबाहेर गेली तर काय करावें, यासाठीं घाटांच्या मार्गावर कॅच सायडिंगची योजना करतात. मुख्य मार्गापासून एक फांटा फुटतो आणि तो खालीं न जातां डोंगराकडे चढत जातो. बेफाम आलेली गाडी त्या चढावर गेली, कीं तिचा वेग आपोआप मरतो. येथवर ही केवळ एक सोय झाली. खरें शहाणपण आहे तें सांध्यांच्या व्यवस्थेंत. हे सांधे सामान्यतः मुख्य मार्गाकडे नसून फांट्याकडेच वळविलेले असतात. गाडी आली, थांबली, ताब्यांत आहे अशी खात्री झाली, म्हणजे मगच सांधे मुख्य मार्गाकडे फिरवावयाचे. कोणी कांहींच केलें नाहीं, कोणी झोंपला, कोणी विसरला, तरी गाडी सुरक्षित जागींच जाणार; तिला पुढें सोडण्यासाठीं मात्र कोणींतरी जाणूनबुजून हात हलविला पाहिजे. निष्काळजीपणाचें फळ विलंब असावें, मृत्यु असूं नये, असा हा नियम आहे.

हाच नियम ब्रेकच्या रचनेंत आणण्याचें श्रेय अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांस आहे. त्यांच्यापूर्वीं प्रत्येक डब्याचा ब्रेक हातचाकानें आंवळावा लागे. सन १८६९ मध्यें त्यांनीं दाबलेल्या हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. इंजिनावरून नळीवाटे हवा सोडली, कीं सर्व डब्यांचे ब्रेक एकदम लागत. हा शोध मोठा होता, परंतु त्यांत एक घातक उणीव राहिली होती. हवा आली तर ब्रेक लागणार. नळी तुटली, डबे सुटले, तर हवा येणार कोठून? म्हणजे ज्या क्षणीं ब्रेकची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणीं तो निरुपयोगी. वेस्टिंगहाउस यांनीं ही उणीव ओळखली आणि सन १८७२ मध्यें सारी रचना उलटी केली. आतां नळींत हवेचा दाब कायम ठेवावयाचा, आणि तो दाब आहे तोंवरच ब्रेक सुटलेले राहावयाचे. दाब उतरला, मग तो चालकानें उतरविलेला असो कीं नळी तुटल्यानें उतरलेला असो, प्रत्येक डब्याखालच्या टांकींतील हवा त्या डब्याचा ब्रेक आंवळते. निर्वात ब्रेकच्याहि अशाच दोन जाती होत्या. साध्या जातींत इंजिनानें निर्वात उत्पन्न केला तर ब्रेक लागे. स्वयंचलित जातींत निर्वात नाहींसा झाला तर ब्रेक लागे. शब्दांत फरक थोडा दिसतो. तो किती मोठा होता, हें आयर्लंडमधील एका सकाळीं जगाला कळलें.

दिनांक १२ जून १८८९ रोजीं आर्मा या गांवाहून समुद्रकांठच्या वॉरनपॉइंट गांवीं रविवारच्या धर्मशाळेंतील मुलांची सहल निघाली होती. मुलें, त्यांचे आईबाप, शिक्षक मिळून सुमारें ९४० माणसें पंधरा डब्यांच्या गाडींत बसलीं होतीं. वाटेवरचा चढ सुमारें ७५ फुटांस एक फूट, म्हणजे बोरघाटाच्या मानानें निम्माच. तरी माथा जवळ आला असतां इंजिनाचा दम संपला आणि गाडी थांबली. मागून नेहमींची गाडी येणार होती. तेव्हां असें ठरलें कीं, पुढचे पांच डबे तोडून आधीं पुढच्या स्थानकांत न्यावे व मग परत येऊन मागचे दहा डबे न्यावे.

गाडीला ब्रेक होता, आणि तो सर्व डब्यांना जोडलेलाहि होता. परंतु तो साध्या निर्वात जातीचा होता. डबे तोडतांच मागच्या दहा डब्यांतील ब्रेक नाहींसा झाला. त्यांना धरून ठेवण्यास आतां शेवटच्या डब्यांतील एक हातब्रेक आणि चाकांखालीं लावलेले कांहीं दगड एवढेंच उरलें. पुढचा भाग निघतांना, चढावर गाडी सुरू करतांना नेहमीं होतें त्याप्रमाणें, किंचित् मागें सरला आणि मागच्या डब्यांस त्याचा धक्का लागला. तेवढ्यानें दगड चाकांखालीं चिरडले गेले. डबे हळूंहळूं मागें निघाले. हातब्रेक आणखी आंवळण्याचा प्रयत्न झाला, धांवत धांवत नवे दगड चाकांखालीं टाकण्यांत आले. पण वेग वाढतच गेला. डब्यांचीं दारें बाहेरून कुलुपबंद होतीं. उताराच्या खालीं मागून येणाऱ्या गाडीवर ते डबे जाऊन आदळले. ८० माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि सुमारें २६० जखमी झालीं. मेलेल्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं.

या अपघाताचें दुःख जेवढें मोठें, तेवढाच त्याचा बोधहि कडू आहे. स्वयंचलित ब्रेक निघून तेव्हां १७ वर्षें झालीं होतीं. उपाय माहीत नव्हता, असें नव्हे. ब्रिटनमधील सरकारी निरीक्षक कित्येक वर्षें त्याची शिफारस करीत होते. सन १८७८ मध्यें तर एक कायदाहि झाला होता. पण कोणत्या गाड्यांना कोणता ब्रेक आहे याचे तक्ते कंपन्यांनीं सादर करावे, एवढेंच त्यांत होतें. तक्ते येत राहिले. आर्माच्या अपघातानंतर तीन महिन्यांच्या आंत पार्लमेंटनें नवा कायदा केला, आणि प्रवासी गाड्यांना सलग व स्वयंचलित ब्रेक सक्तीचा झाला. जें काम १७ वर्षें खर्चाच्या विचारानें अडून राहिलें होतें, तें ८० प्रेतांनीं अकरा आठवड्यांत पुरें केलें.

रस्त्यावरच्या मालट्रकाला हा धडा पुन्हां पहिल्यापासून गिरवावा लागला. आरंभींच्या ट्रकांचा हँडब्रेक म्हणजे एक लांब तरफ, तिच्या खालीं दांतेरी कमान, आणि त्या दांत्यांत अडकणारी एक खुंटी. चालक सर्व बळ लावून तरफ ओढी, खुंटी दांत्यांत बसे, आणि तारेच्या अगर सळईच्या साहाय्यानें ब्रेकचे जोड आंवळले जात. या रचनेंत पकडीचें माप म्हणजे चालकाच्या दंडाचें माप. शिवाय तार ताणते, सांधे झिजतात, अस्तर खपतें. आज तिसऱ्या दांत्यावर धरणारा ब्रेक कांहीं महिन्यांनीं सातव्या दांत्यावरहि धरीत नाहीं. बदल इतका सावकाश होतो कीं, रोज तीच तरफ ओढणाऱ्या माणसालाहि तो जाणवत नाहीं.

कांहीं ट्रकांत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागें, इंजिनाचें बळ मागच्या आंसाकडे नेणाऱ्या दांड्यावर बसविलेला असे. आंसांतील दांतेरी चाकांमुळें पकडीचा जोर कित्येक पटींनीं वाढे, म्हणून लहान तरफेनेंहि मोठें वजन धरतां येई. पण त्यांत एक छुपा सांपळा होता. मागच्या दोन चाकांस वळणावर वेगवेगळ्या गतीनें फिरतां यावें म्हणून आंसांत डिफरन्शिअल असतें. दांडा जखडला तरी एक चाक पुढें व दुसरें तितकेंच मागें फिरण्यास तें मोकळीक देतें. म्हणून चाक बदलण्यासाठीं मागची एक बाजू जॅकनें उचलली, अगर एक चाक निसरड्या चिखलावर आलें, कीं त्या ब्रेकची पकड व्यर्थ होते. सपाटीवर वर्षानुवर्षें विश्वासू ठरलेला ब्रेक उतारावर नेमक्या अडचणीच्या वेळीं दगा देई, तो असा.

पुढें ट्रक मोठे झाले, तसा रेल्वेचा हवेचा ब्रेक त्यांना लागला. चालविण्याचें काम त्यानें फार सोपें केलें. पण उभें राहण्याचें काम त्याच्यानें होईना. दाबलेली हवा कितीहि चांगल्या नळ्यांतून खेळविली तरी ती थोडीथोडी झिरपतेच. संध्याकाळीं भरलेली टांकी सकाळीं रिकामी आढळावी, हें नवल नव्हे. त्यामुळें पायाचा ब्रेक हवेचा आणि हाताचा ब्रेक जुन्या तारेचा, अशी विचित्र जोडी पुष्कळ वर्षें नांदली. दहापंधरा टनांचा ट्रक चालतांना हवा थोपवी. उभा असतांना माणसाच्या मनगटाचें बळ.

यावरचा उपाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सर्वत्र रूढ झाला. तो म्हणजे स्प्रिंगचा ब्रेक होय. त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. चाकाजवळ लोखंडी डब्यासारखे दोन कप्पे एकापाठोपाठ बसविलेले असतात. पुढच्या कप्प्यांत नेहमींचा हवेचा ब्रेक असतो. मागच्या कप्प्यांत एक जाड, जबरदस्त स्प्रिंग दाबून बसविलेली असते. तिला मोकळें सोडलें, कीं ती एक दांडा पुढें लोटते आणि ब्रेक आंवळते. ट्रक चालवावयाचा असेल तर त्या कप्प्यांत हवा सोडावयाची. हवेच्या दाबानें स्प्रिंग मागें रेटली जाते आणि ब्रेक सुटतो. सामान्यतः चौरस इंचास साठ पौंडांच्या आसपास दाब झाल्याशिवाय ती पुरती मागें जात नाहीं. ट्रक उभा करावयाचा असेल, तर चालकानें फक्त एक बटण ओढून अगर लहानसा दांडा फिरवून ती हवा बाहेर सोडावयाची. आतां ट्रकला धरून ठेवणारी शक्ति हवेची नाहीं आणि माणसाचीहि नाहीं. ती पोलादाच्या लवचिकपणाची आहे. हवा गळाली, नळी तुटली, टांकी रिकामी झाली, तरी पकड सुटत नाहीं. उलट ती हवा गेल्यामुळेंच बसते. वेळ हा पूर्वीं शत्रु होता, तो आतां निदान तटस्थ झाला. वेस्टिंगहाउस यांच्या ब्रेकमध्येंहि शेवटीं टांकींतील हवेवरच भिस्त होती. स्प्रिंगच्या ब्रेकनें तीहि उरूं दिली नाहीं.

या वेळीं मात्र कायदा फार मागें राहिला नाहीं. अमेरिकेंत सन १९७५ पासून हवेच्या ब्रेकच्या नव्या ट्रकांना लागूं झालेल्या सुरक्षा-मानकानें असें ठरविलें कीं, उभा राहण्याच्या ब्रेकनें शंभरांस वीस, म्हणजे पांचांस एक, अशा उतारावर ट्रक धरून ठेवला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखालीं युरोपांत व अन्यत्र मान्य झालेल्या नियमांत भरलेल्या वाहनासाठीं हें प्रमाण शंभरांस अठरा आहे. ट्रकचें तोंड वर आणि तोंड खालीं अशा दोन्ही रीतींनीं तो उतारावर उभा राहिला पाहिजे, यालाहि कारण आहे. हा ब्रेक बहुधा मागच्या चाकांना असतो. ट्रकचें तोंड चढाकडे असेल तर भार मागच्या चाकांवर येतो आणि टायरची पकड वाढते. तोंड उताराकडे असेल तर भार पुढें सरकतो, मागचीं चाकें हलकीं होतात, आणि ब्रेक घट्ट असूनहि टायर घसरूं शकतात. ब्रेक चाकाला धरतो. रस्त्याला धरण्याचें काम शेवटीं टायरचेंच आहे.

तरीहि स्प्रिंग म्हणजे कांहीं जादू नव्हे. दाबलेली स्प्रिंग जसजशी लांबते तसतसा तिचा जोर कमी होतो. ब्रेकचें अस्तर झिजून मधलें अंतर वाढलें आणि तें वेळच्या वेळीं जुळवून घेतलें नाहीं, तर दांड्याला फार पुढें जावें लागतें. स्प्रिंग आपला बराचसा जोर वाटेंतच खर्चून बसते, आणि पकडीच्या जागीं पोंचते ती थकलेली. म्हणून उतारावरची पकड विश्वासाची करावयाची, तर पहिलें काम नवी स्प्रिंग बसविण्याचें नसून दांड्याची चाल मोजण्याचें आणि अंतर जुळविण्याचें आहे. दुसरें, अस्तराला ग्रीस लागूं न देण्याचें. तिसरें, लांब घाट उतरून आलेला लालभडक तापलेला ब्रेक तसाच करकचून न आंवळतां चाकांना अटकण लावून त्याला आधीं निवूं देण्याचें. कारण तापलेलें ड्रम आंवळलें असतां तें बिघडण्याचा संभव असतो. आणि चौथें, स्प्रिंगचा डबा अनाडीपणानें न उघडण्याचें. त्यांत कोंडलेला जोर इतका मोठा असतो कीं, स्प्रिंग जखडून न टाकतां डबा उघडणाऱ्या कारागिरांचे प्राण गेले आहेत.

याखेरीज एक मोह आहे, आणि तो यंत्राचा नसून माणसाचा आहे. ट्रकला जोडलेल्या ट्रेलरसाठीं चालकाच्या हाताशीं एक स्वतंत्र हवेचा ब्रेक असतो. तो लावला, कीं सारें वाहन तत्काळ थांबतें, जागचें हालत नाहीं, आणि चालकाला वाटतें कीं काम झालें. पण ती पकड हवेची असते. टांकी गळेपर्यंतच तिचें आयुष्य. वाहन आत्तां हलत नाहीं यावरून तें नंतरहि हलणार नाहीं असें समजणें, ही उतारावरची सर्वांत जुनी चूक आहे. आर्मानंतर सव्वाशें वर्षांनीं तीच चूक कॅनडांत पुन्हां घडली.

दिनांक ५ जुलै २०१३ च्या रात्रीं क्वेबेक प्रांतांतील नांत या गांवाजवळ कच्च्या तेलाच्या ७२ टांक्या ओढणारी एक मालगाडी उतारावर उभी करून ठेवण्यांत आली. उतार शंभर फुटांस सव्वा फुटाहून किंचित् कमीच, डोळ्यांस क्वचितच जाणवेल एवढा. पाच इंजिनें आणि दोन डबे मिळून सात हातब्रेक आंवळले होते. ते पुरे आहेत कीं नाहींत याची परीक्षाहि झाली. परंतु त्या परीक्षेच्या वेळीं इंजिनांचा हवेचा ब्रेक लागलेलाच होता. गाडी हलली नाहीं, आणि हातब्रेक पुरेसे आहेत असें ठरलें. वस्तुतः गाडीला धरून ठेवणारी मुख्य शक्ति हवेची होती. त्या रात्रीं पुढच्या इंजिनांत आग लागली. आग विझविणाऱ्यांनीं रीतीप्रमाणें इंजिन बंद केलें. इंजिन बंद, म्हणून हवेचा पंप बंद. आणि हवा हळूंहळूं गळूं लागली. मध्यरात्र उलटून सुमारें एक वाजतां गाडी आपण होऊन निघाली. सुमारें सात मैलांवर उताराच्या तळाशीं लाक-मेगांतिक हें गांव होतें. तेथें ती ताशीं ६५ मैलांच्या वेगानें पोंचली आणि रुळांवरून घसरली. तेल पेटलें, गांवाचा मध्यभाग जळून गेला, ४७ माणसें मेलीं. मागाहून झालेल्या सरकारी चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, ती गाडी धरून ठेवण्यास सतरा ते सव्वीस हातब्रेक लागले असते.

आर्मा आणि लाक-मेगांतिक यांच्या मधल्या काळांत जगानें विमानें उडविलीं आणि चंद्रावर पाऊल ठेवलें. ब्रेकची विद्याहि पुष्कळ वाढली. पण दोन्ही ठिकाणीं मूळ गोष्ट एकच आढळते. जी पकड तात्पुरती होती, तिला कायमची मानण्यांत आलें. एका ठिकाणीं दगडावर भरंवसा ठेवला, दुसऱ्या ठिकाणीं हवेवर. दोन्ही वेळां गाडी कांहीं काळ खरोखरच स्थिर उभी होती, आणि त्या स्थिरपणानेंच माणसांना फसविलें.

म्हणून उतारावरच्या पकडीची खरी कसोटी एकच. ज्या शक्तीवर ती अवलंबून आहे ती शक्ति नाहींशी झाली, तर काय होईल? गाडी सुटेल, असें उत्तर आलें, तर ती पकड नव्हे. ती केवळ विश्रांति आहे. गाडी अधिकच घट्ट बसेल, असें उत्तर आलें, तर ती पकड. घाटांतले फांट्याकडे वळलेले सांधे, वेस्टिंगहाउस यांची उलटी केलेली रचना, ट्रकच्या चाकाजवळची दाबलेली स्प्रिंग, हीं तिन्ही या एकाच उत्तराचीं तीन रूपें आहेत.

मग त्या क्लीनरच्या धोंड्याचें काय? त्याला रजा द्यावी काय? भारताच्या सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत याविषयीं एक कलम आहे. परवानाधारक चालक आसनावर नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्यावांचून, अगर वाहन चुकूनहि चालूं लागणार नाहीं असा दुसरा उपाय योजल्यावांचून, तें सार्वजनिक जागीं उभें ठेवूं नये, असा त्याचा आशय आहे. कायदा ब्रेकवर थांबत नाहीं. त्याला परिणाम पाहिजे. चांगला ब्रेक लावावा, गिअर घालून ठेवावा, तोंड उताराकडे असेल तर पुढचीं चाकें डोंगराच्या बाजूस वळवावीं, आणि इतकें झाल्यावर उताराच्या बाजूनें चाकाला अटकणहि लावावी. आर्माच्या दगडांनीं दगा दिला, तो ते दगड होते म्हणून नव्हे. सर्व भार त्यांच्यावरच टाकला होता म्हणून. स्प्रिंगच्या सोबतीला असलेला धोंडा हा अडाणीपणा नव्हे. काम संपल्यावर तो धोंडा रस्त्यांतून उचलून कडेला ठेवण्याची आठवण मात्र राहिली पाहिजे. नाहींतर एकाचा आधार तो मागून येणाऱ्याचा अपघात होतो.